चॅलेंजर दुर्घटना : थंडी हे निमित्त होते, मग कारण कोणते?

उत्तरायण

२८ जानेवारी १९८६ च्या सकाळी फ्लोरिडातील केनेडी अवकाश केंद्रावरून चॅलेंजर हे ‘शटल’ प्रकारचे अवकाशयान झेपावले आणि ७३ व्या सेकंदाला, सुमारे १४ किलोमीटर उंचीवर, त्याची शकले झाली. फ्रान्सिस स्कोबी, मायकेल स्मिथ, ज्युडिथ रेस्निक, एलिसन ओनिझुका, रोनाल्ड मॅकनेअर, ग्रेगरी जार्व्हिस आणि शाळेत शिकवणाऱ्या क्रिस्टा मॅकऑलिफ हे सातही जण मृत्युमुखी पडले. या दुर्घटनेचे कारण विचारले की बहुतेक वेळा एका वाक्यात उत्तर मिळते: त्या दिवशी कडाक्याची थंडी होती आणि थंडीने रबराची रिंग कडक झाली. हे उत्तर चुकीचे नाही, परंतु ते इतके अपुरे आहे की त्यातून निसर्गाने अवचित घात केल्यासारखे वाटू लागते. चौकशीचा अहवाल आणि साक्षी वाचल्यावर माझे मत असे झाले आहे की थंडीने फक्त शेवटचा धक्का दिला. मूळ दोष सांध्यात होता, तो नऊ वर्षांपासून दिसत होता, आणि प्रत्येक वेळी यान सुखरूप परत आले म्हणून तो दोष सोसण्याजोगा मानला गेला.

आधी तो सांधा नीट समजून घ्यावा लागेल. यानाच्या मोठ्या इंधनटाकीच्या दोन बाजूंना घन इंधनाचे दोन बूस्टर असत. प्रत्येकाची उंची सुमारे ४५ मीटर आणि व्यास सुमारे ३.७ मीटर होता. एवढे नळकांडे एकसंध बनवून युटा राज्यातून रेल्वेने फ्लोरिडाला नेणे शक्य नव्हते, म्हणून मॉर्टन थायोकोल ही कंपनी ते इंधन भरलेल्या चार खंडांत पाठवत असे आणि केनेडी केंद्रावर ते खंड एकमेकांवर चढवले जात. वरच्या खंडाची खालची कड जिभेसारखी खालच्या खंडाच्या खाचेत उतरे, भोवताली १७७ पिना बसवल्या जात आणि फटीतून आतला तप्त वायू बाहेर पडू नये म्हणून खाचेच्या आतल्या भिंतीवर दोन ओ-रिंगा, म्हणजे रबराच्या गोल कड्या, असत. या रिंगेची जाडी जेमतेम ७ मिलिमीटर आणि घेर मात्र साडेअकरा मीटरांहून अधिक. रिंगांपर्यंत ज्वाळा पोहोचू नये म्हणून आतल्या बाजूने पुट्टीचा थर दिलेला असे.

आराखडा करणाऱ्यांचा समज असा होता की बूस्टर पेटल्यावर आतल्या दाबाने सांधा अधिक घट्ट होईल. १९७७ मध्ये पाण्याच्या दाबाखाली चाचणी घेतली तेव्हा नेमके उलटे दिसले. दाबाने खंडांची भिंत बाहेर फुगे, सांधा मात्र त्यामानाने ताठ राही, त्यामुळे जीभ आणि खाच किंचित वाकून त्यांच्यातली फट रुंदावत असे. नासाच्या मार्शल केंद्रातील अभियंत्यांनी १९७८ आणि १९७९ मध्ये हा सांधा मान्य करण्याजोगा नाही असे लेखी कळवले होते. सांधा बदलला गेला नाही. एक रिंग निकामी झाली तरी दुसरी आहे, या भरवशावर काम पुढे गेले. डिसेंबर १९८२ मध्ये तर नासाने स्वतःच्या कागदपत्रांत या सांध्याचा वर्ग बदलला आणि दुसऱ्या रिंगेवर विसंबता येणार नाही हे नोंदवले. म्हणजे हा सांधा गेला तर यान आणि माणसे दोन्ही जातील, हे कागदावर कबूल झाले होते आणि उड्डाणे चालूच होती.

नोव्हेंबर १९८१ मधल्या शटलच्या दुसऱ्याच उड्डाणानंतर समुद्रातून परत आणलेल्या बूस्टरमध्ये एक रिंग वायूने खाल्लेली आढळली. पुढेही अशा रिंगा सापडत राहिल्या. इथे विचाराची जी घसरण झाली ती मला या साऱ्या प्रकरणातील सर्वांत गंभीर गोष्ट वाटते. रिंग मुळीच झिजायला नको होती. ती झिजली याचा अर्थ सांधा अपेक्षेप्रमाणे काम करत नाही एवढाच होतो. परंतु रिंग एक तृतीयांशापर्यंत झिजूनही टिकली, तेव्हा तिच्यात तिपटीची सुरक्षितता आहे, असा हिशेब मांडला गेला. चौकशी आयोगाचे सदस्य, भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी नेमके यावरच बोट ठेवले: पुलावरून गाडी गेली, पूल पडला नाही, पण तुळईला एक तृतीयांश तडा गेला, तर त्या पुलाची सुरक्षितता तिप्पट आहे असे कोणी म्हणणार नाही.

जानेवारी १९८५ मधील एका उड्डाणाच्या वेळी सांध्याचे तापमान सुमारे १२ अंश सेल्सिअस होते. ते बूस्टर उघडल्यावर थायोकोलचे अभियंते रॉजर बोझोले यांना दोन रिंगांमधले वंगण काजळीने काळेकुट्ट झालेले दिसले. पहिली रिंग ओलांडून वायू पुढे गेला होता. त्याच वर्षी ३१ जुलैला त्यांनी वरिष्ठांना टिपण लिहून स्पष्ट बजावले की हा प्रश्न तातडीने सोडवला नाही तर सर्वनाश ओढवेल आणि माणसांचे प्राण जातील. त्यासाठी एक गट नेमला गेला, पण त्याला माणसे आणि साहित्य मिळेना. ऑक्टोबरमध्ये थायोकोलचेच बॉब एबलिंग यांनी पाठवलेल्या अहवालाचा पहिला शब्दच ‘मदत!’ असा होता.

आता २७ जानेवारीची रात्र. उड्डाण आधीच अनेकदा पुढे ढकलले गेले होते. त्या सकाळी तर दाराच्या बाहेरच्या हँडलचा एक बोल्ट निघेना, तो करवतीने कापेपर्यंत वेळ गेला आणि तोवर वारा इतका वाढला की उड्डाण रद्द करावे लागले. दुसऱ्या दिवशी तापमान गोठणबिंदूच्या खाली जाणार असा अंदाज आला, तेव्हा संध्याकाळी युटा, मार्शल आणि केनेडी अशा तीन ठिकाणच्या लोकांची दूरध्वनीवर बैठक झाली. थायोकोलच्या अभियंत्यांनी १२ अंशांखाली उड्डाण करू नये अशी शिफारस केली. मार्शलचे जॉर्ज हार्डी यांनी या शिफारशीने आपण हबकलो असल्याचे सांगितले. नासाच्या बूस्टर प्रकल्पाचे प्रमुख लॅरी मलॉय यांनी मग एप्रिलपर्यंत थांबायचे काय, अशा अर्थाचा प्रश्न केला. थायोकोलने पाच मिनिटांची सवड मागितली. ती पाच मिनिटे अर्धा तास चालली.

त्या अर्ध्या तासात युटामधल्या खोलीत काय झाले ते बोझोले यांनी साक्षीत सांगितले आहे. आर्नी थॉम्पसन हे अभियंते आपल्या जागेवरून उठले, व्यवस्थापकांसमोर कागद ठेवून त्यांनी सांध्याची आकृती पुन्हा एकदा काढायला घेतली, आणि समोरचे ऐकत नाहीत हे चेहऱ्यांवरून कळताच ते थांबले. मग बोझोले यांनी काळवंडलेल्या वंगणाची छायाचित्रे त्यांच्यासमोर धरली. त्यांच्याकडेही कोणी लक्ष दिले नाही, तेव्हा ते जागेवर जाऊन बसले. शेवटी थायोकोलचे वरिष्ठ व्यवस्थापक जेराल्ड मेसन यांनी अभियांत्रिकी विभागाच्या उपाध्यक्षांना अभियंत्याची टोपी उतरवून व्यवस्थापकाची टोपी घालायला सांगितले. चार व्यवस्थापकांनी मत दिले, अभियंत्यांना विचारले गेले नाही, आणि शिफारस फिरली. केनेडी केंद्रावर हजर असलेले थायोकोलचे अ‍ॅलन मॅकडॉनल्ड यांनी त्या कागदावर सही करायला नकार दिला, म्हणून युटाहून जो किलमिन्स्टर यांनी सही करून तो फॅक्सने पाठवला. उड्डाणाचा अंतिम निर्णय ज्यांच्या हाती होता त्या नासाच्या सर्वांत वरच्या अधिकाऱ्यांपर्यंत या वादाची बातमी पोहोचलीच नाही.

सकाळी मनोऱ्यावर बर्फाच्या लांब सळ्या लटकत होत्या. उड्डाणाच्या वेळी हवेचे तापमान सुमारे २ अंश होते आणि उजव्या बूस्टरचा खालचा सांधा, जो सावलीत होता, शून्याखाली गेला असावा असा आयोगाचा अंदाज आहे. बूस्टर पेटल्यावर एका सेकंदाच्या आत, ०.६७८ व्या सेकंदाला, त्या सांध्यातून काळ्या धुराचा पहिला लोट निघाला. अडीच-तीन सेकंदांत धूर थांबला, कारण जळालेल्या इंधनातल्या अ‍ॅल्युमिनियमच्या भस्माने फट तात्पुरती बुजली असावी. ३७ व्या सेकंदापासून यानाला वाऱ्याचे जबर हिसके बसू लागले. ५९ व्या सेकंदाच्या सुमारास त्याच जागी ज्योत दिसू लागली. ती नेमकी इंधनटाकीच्या दिशेला होती. ६५ व्या सेकंदाच्या आसपास हायड्रोजनची टाकी फुटून गळू लागली, ७२ व्या सेकंदाला बूस्टरला खाली धरून ठेवणारा आधार सुटला आणि पुढच्या सेकंदात सारे संपले.

आपल्याला काय वाटते? कारण म्हणून आपण कशाकडे बोट दाखवाल: सांध्याकडे, त्या रात्रीकडे, की आधीच्या चोवीस उड्डाणांकडे?

रानजाई

लेख अतिशय मन लावून लिहिला आहे. एक प्रश्न विचारते. चित्रफितीत तो पांढरा ढग दिसतो तेव्हा स्फोट झाला असेच वाटते. आपण ‘शकले झाली’ असा शब्द वापरला आहे. तो फरक मुद्दाम केला आहे का? आणि आतल्या माणसांना काही कळले असेल का?

उत्तरायण

होय, फरक मुद्दाम केला आहे. टाकीतला हायड्रोजन आणि ऑक्सिजन एकदम बाहेर पडून पेटला, त्याचा तो ढग होता. परंतु यान मोडले ते मुख्यतः हवेच्या झोताने. ध्वनीच्या जवळजवळ दुप्पट वेगाने जाताना ते एकाएकी आडवे झाले आणि ते बळ त्याची चौकट पेलू शकली नाही. दोन्ही बूस्टर त्या ढगातून बाहेर पडून भरकटत राहिले. ते ११० व्या सेकंदाला जमिनीवरून संदेश पाठवून नष्ट करावे लागले.

आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर लिहिताना हात जड होतो. माणसे बसलेला कक्ष बराचसा अखंड राहून वेगळा झाला. तो तसाच वर जात सुमारे २० किलोमीटरपर्यंत पोहोचला आणि यान मोडल्यानंतर २ मिनिटे ४५ सेकंदांनी ताशी ३३० किलोमीटरहून अधिक वेगाने समुद्रावर आदळला. आणीबाणीच्या हवेचे चार संच सापडले आणि त्यांपैकी तीन कोणीतरी हाताने सुरू केलेले होते. म्हणजे निदान काही जण मोडतोडीनंतरही काही क्षण शुद्धीवर होते. कक्षातला हवेचा दाब टिकला की नाही हे ठरवता न आल्याने त्यांची शुद्ध केव्हा हरपली ते निश्चित करता आलेले नाही. त्या यानातून बाहेर पडण्याची कोणतीही सोय त्यांना दिलेली नव्हती. शटलच्या पहिल्या चार उड्डाणांत दोन जणांसाठी बाहेर फेकणाऱ्या खुर्च्या होत्या, त्या पुढे काढून टाकल्या गेल्या.

यंत्रशाळा

मी तीस वर्षे हायड्रॉलिक प्रेसच्या देखभालीत काढली आहेत, त्यामुळे ओ-रिंग हा माझ्या रोजच्या हाताखालचा विषय आहे. इथे बऱ्याच वाचकांचा असा समज होऊ शकेल की थंडीत रबर ठिसूळ होऊन तडकले. तसे झाले नाही. ओ-रिंगचे काम दाबले जाणे एवढेच नसते, तर समोरची फट हलली की तिच्या मागोमाग फुगून तिला चिकटून राहणे हे खरे काम असते. आमच्या भाषेत सांगायचे तर रिंगेत ‘जीव’ असावा लागतो. नाशिकजवळच्या एका कारखान्यात होतो तेव्हा डिसेंबर-जानेवारीत पहिल्या पाळीला प्रेस सुरू केला की सिलिंडरच्या गळ्यातून तेल झिरपायचे आणि तासाभराने तेल तापले की आपोआप थांबायचे. रिंग काढून पाहावी तर तिला कुठे चीर नाही, कुठे ओरखडा नाही. फक्त सकाळी ती आळसावलेली असायची. आमच्याकडे तासभर थांबायला वेळ असे आणि खाली ट्रे ठेवून चालत असे.

या बूस्टरमध्ये वेळेचा हिशेब सेकंदाच्या अंशात होता. पेटल्यापासून अर्ध्या-पाऊण सेकंदात आतला दाब पूर्ण चढतो आणि त्याच काळात सांधा उघडू लागतो. पहिल्या रिंगेने एका सेकंदाच्या सुमारे सहाव्या हिश्शात फट धरली तर धरली. एकदा का तप्त वायू तिच्या कडेने निसटू लागला की तो रबर खात सुटतो आणि मग रिंग कधीच बसत नाही. थायोकोलने स्वतः केलेली एक चाचणी मला फार बोलकी वाटते. दाबलेल्या रिंगेवरचा पत्रा थोडा मागे घेतला तर ३८ अंशांना रिंगेचा स्पर्श सुटला नाही, २४ अंशांना तो २.४ सेकंद सुटला, आणि १० अंशांना दहा मिनिटे वाट पाहूनही रिंग पुन्हा टेकली नाही. त्या सकाळी तर तापमान याहूनही पुष्कळ खाली होते.

माझ्याकडे व्हायटॉन या रबराच्या जवळपास त्याच जाडीच्या रिंगा पडून आहेत. या रविवारी बर्फाच्या पाण्यात ठेवून पाहतो आणि इथे लिहितो.

अंकगणिती

त्या रात्रीच्या चर्चेतील आकडेवारीबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण माझ्या मते अभियंते बरोबर असूनही हरले ते इथे.

नासाच्या बाजूने आक्षेप असा होता की वायू निसटल्याच्या दोन ठळक घटनांपैकी एक १२ अंशांना घडली आणि दुसरी २४ अंशांना, तेव्हा तापमानाशी संबंध कसा जोडता? हा प्रश्न वरवर रास्त होता आणि अभियंत्यांना त्याचे आकड्यांत उत्तर देता आले नाही. बोझोले एवढेच सांगू शकले की थंडीतल्या उड्डाणात काजळी कितीतरी अधिक आणि काळी होती. परंतु त्या खोलीत सगळ्यांनी केवळ बिघडलेल्या उड्डाणांकडेच पाहिले. ज्या उड्डाणांत रिंगांना काहीच झाले नाही ती कोणीच मांडली नाहीत. आयोगाने नंतर ती मांडली. सांधा १९ अंश किंवा त्याहून उबदार असतानाच्या वीस उड्डाणांपैकी फक्त तिनांत रिंगांना इजा झाली होती, तर १७ अंश किंवा त्याहून थंड असतानाच्या चारही उड्डाणांत झाली होती. ज्या उबदार दिवशी काहीही बिघडले नाही, ते सारे दिवसही साक्षीदार होते. त्यांना साक्षीला बोलावलेच नाही. हा तक्ता तयार करायला एक कागद, एक पेन्सिल आणि अर्धा तास पुरला असता. अर्धा तास त्यांच्याकडे होता.

कऱ्हाकाठ

धागालेखकांचा आदर राखून थोडा वेगळा सूर लावतो. मी स्वतः अनेक वर्षे व्यवस्थापनात आहे आणि मलॉय यांना खलनायक करणे मला पटत नाही. थायोकोलने त्याआधी कधीही तापमानाची अशी अट मागितली नव्हती. आधीच्या प्रत्येक उड्डाणाला त्यांनीच हिरवा कंदील दाखवला होता. आदल्या रात्री अचानक एक नवी मर्यादा पुढे आली आणि तिचा आधार विचारला तर आकडे एकमेकांशी जुळत नव्हते. कोणत्याही जबाबदार माणसाने आधार विचारलाच असता. शिवाय व्हाइट हाउसकडून दबाव आल्याची जी वदंता आहे तिला आयोगाला काहीही पुरावा मिळाला नाही. त्या रात्री कोणीही सात माणसांच्या जिवाशी जाणूनबुजून खेळत नव्हते. समाजशास्त्रज्ञ डायान वॉन यांनी याच प्रकरणाचा अभ्यास करून ‘विचलनाचे सामान्यीकरण’ ही संकल्पना मांडली. नियम मोडणारी दुष्ट माणसे शोधू नका, नियम पाळणारी माणसेच हळूहळू कुठे पोहोचली ते पाहा, असा तिचा मथितार्थ मला वाटतो.

उत्तरायण

आपला मुद्दा मी मनापासून मान्य करतो आणि मूळ लेखात तो पुरेसा आला नाही हेही मान्य करतो. थायोकोलच्या गळ्यात स्वतःच्याच आधीच्या मान्यता अडकल्या होत्या, हे खरे आहे.

तरीही एका ठिकाणी मी थांबतो. आधार विचारणे रास्त होते, पण तो कोणत्या बाजूला विचारला गेला? एरवी नासाच्या अशा बैठकांत कंत्राटदाराला यान उडण्यास योग्य आहे हे सिद्ध करावे लागे आणि जराशी शंका आली तरी उड्डाण थांबे. त्या रात्री अभियंत्यांना यान नक्की फुटेल हे सिद्ध करायला सांगितले गेले, असे बोझोले यांनीच साक्षीत म्हटले आहे. ते सिद्ध करणे कोणालाही शक्य नव्हते, कारण एवढ्या थंडीत कधी उड्डाणच झाले नव्हते. माहिती अपुरी होती हे दोन्ही बाजूंना मान्य होते. अपुऱ्या माहितीचा फायदा यानाला मिळाला, माणसांना मिळाला नाही. शिवाय १९८५ च्या उन्हाळ्यापासून या सांध्यामुळे प्रत्येक उड्डाणावर औपचारिक निर्बंध होता आणि तो दर वेळी शिथिल केला जात होता, आणि हे मलॉय यांना ठाऊक होते, कारण शिथिल करणारे तेच होते. त्यामुळे ‘अचानक’ हा शब्द मला त्या रात्रीला लावता येत नाही.

आणि वेळापत्रकाचा दबाव व्हाइट हाउसकडून आला नसेल, तरी तो होताच. नासाने वर्षाला चोवीस उड्डाणांचे उद्दिष्ट जाहीर केले होते. १९८५ मध्ये नऊ उड्डाणे झाली, तीही सुटे भाग एका यानातून काढून दुसऱ्यात बसवत.

जुना संच

चॅलेंजरचा आपल्याशी जवळचा संबंध आहे, तो इथे नोंदवावासा वाटतो. आपला इन्सॅट-१बी हा उपग्रह ३० ऑगस्ट १९८३ रोजी याच चॅलेंजरमधून गेला होता. दूरदर्शन शहरांबाहेर पसरले त्यात या उपग्रहाचा मोठा वाटा होता. आमच्या गावात ग्रामपंचायतीच्या खोलीत पहिला संच आला तेव्हा रविवारी सकाळी अंगणात सतरंज्या पडायच्या. ज्या यानाने हे चित्र आमच्यापर्यंत पोहोचवले, त्याच यानाचे तुकडे होताना मी त्याच संचावर पाहिले.

पुढचा इन्सॅट-१सी सोडताना शटलमधून एक भारतीय तज्ज्ञही जाणार होता आणि त्यासाठी इस्रोच्या एन. सी. भट आणि पी. राधाकृष्णन नायर या दोघांची निवड झाली होती. दुर्घटनेनंतर ते उड्डाणच रद्द झाले. इन्सॅट-१सी शेवटी १९८८ मध्ये युरोपच्या एरियन अग्निबाणावरून गेला, माणसाविना.

उत्तरायण

या प्रतिसादाबद्दल आपले आभार. त्यात एक भर घालतो. इन्सॅट-१बी घेऊन गेलेल्या त्या उड्डाणानंतर एका बूस्टरच्या झोत बाहेर सोडणाऱ्या नळीचे आतले अस्तर अपेक्षेपेक्षा खूपच जास्त झिजलेले आढळले होते. ते उड्डाण सुखरूप पार पडले म्हणून आपल्याला फक्त उपग्रह आठवतो.

रानजाई

गगनयानालाही घन इंधनाचेच बूस्टर आहेत ना? मग तिथे काय?

यंत्रशाळा

होय. गगनयान नेणाऱ्या एलव्हीएम-३ या अग्निबाणाच्या दोन्ही बाजूंचे बूस्टर घन इंधनाचे आणि खंडांचे आहेत, म्हणजे सांधे तिथेही आहेत. माणसांसाठी सुधारलेल्या त्या बूस्टरची जमिनीवरची पूर्ण चाचणी १३ मे २०२२ रोजी श्रीहरिकोटा येथे झाली. त्यात सुमारे २०३ टन इंधन १३५ सेकंद जाळले गेले. परंतु माझ्या दृष्टीने मोठा फरक वेगळा आहे. घन इंधन एकदा पेटले की ते विझवता येत नाही, म्हणून माणसांना त्यापासून झटकन दूर नेण्याची सोय हवीच. शटलमध्ये ती नव्हती. गगनयानात माणसांची कुपी अग्निबाणाच्या टोकावर आहे आणि तिला ओढून नेणारी यंत्रणा तिच्या वर आहे. उड्डाण चालू असताना या यंत्रणेची पहिली चाचणी २१ ऑक्टोबर २०२३ रोजी झाली. त्या दिवशी आधी इंजिनाच्या प्रज्वलनात काही विसंगती आढळताच संगणकाने मोजणी थांबवली होती. कारण शोधून मगच त्याच दिवशी चाचणी पूर्ण केली गेली.

अंकगणिती

धागालेखकांना विचारायचे होते की सांधा पुढे कसा बदलला आणि तो बदल पुरेसा ठरला का?

उत्तरायण

सांध्याच्या जिभेला आतून एक जादा ओठ दिला गेला, त्यामुळे दाबाने फट उघडणे जवळजवळ बंद झाले. तिसरी ओ-रिंग आली, पुट्टी गेली आणि सांध्याभोवती विजेचे तापक बसवले गेले. या फेररचनेत सहीला नकार देणारे अ‍ॅलन मॅकडॉनल्ड प्रमुख होते. साक्ष दिल्यानंतर त्यांना कंपनीत बाजूला सारले गेले होते, अमेरिकी काँग्रेसने दखल घेतल्यावर त्यांना परत आणले गेले. २९ सप्टेंबर १९८८ ला डिस्कव्हरी या शटलने उड्डाण केले आणि त्यानंतर २०११ पर्यंत झालेल्या ११० उड्डाणांत हा सांधा एकदाही फुटला नाही. म्हणजे सांधा दुरुस्त झाला.

दुसरी गोष्ट दुरुस्त झाली नाही. १६ जानेवारी २००३ रोजी कोलंबिया हे शटल उडाले तेव्हा ८२ व्या सेकंदाला इंधनटाकीवरच्या फोमचा तुकडा सुटून डाव्या पंखाच्या कडेवर आदळला, आणि १ फेब्रुवारीला परतताना कर्नालच्या कल्पना चावला यांच्यासह सात जण गेले. फोमचे तुकडे पूर्वीपासून पडत होते. आदल्याच ऑक्टोबरमध्ये टाकीच्या त्याच भागावरून सुटलेला तुकडा बूस्टरवर आपटून त्याला पोचा पडला होता. ते यान सुखरूप परतले होते, आणि पुढच्या उड्डाणांना मंजुरी मिळाली.

एबलिंग आणि बोझोले यांनी चॅलेंजरचे उड्डाण युटामध्ये एकाच खोलीत, पडद्यावर पाहिले. रिंगा बिघडल्या तर यान तळावरच फुटेल अशी त्यांची धास्ती होती, म्हणून ते वर चढलेले पाहून दोघांना हायसे वाटले. बोझोले यांनी लिहिले आहे की साठाव्या सेकंदाच्या सुमारास एबलिंग त्यांना म्हणाले, मी आत्ताच देवाचे आभार मानून झालो.

यंत्रशाळा

कबूल केल्याप्रमाणे रविवारी रिंगा तपासल्या. व्हायटॉनची ७ मिलिमीटर जाडीची एक रिंग कापून तिचे दोन तुकडे केले आणि दोन लहान शिकंज्यांत सारखेच आवळले. एक टेबलावर ठेवला, दुसरा बर्फ घातलेल्या पाण्याच्या पातेल्यात अर्धा तास बुडवला. फाइनमन यांनी ११ फेब्रुवारी १९८६ च्या जाहीर सुनावणीत पाण्याच्या पेल्यात केला तोच हा प्रयोग.

टेबलावरचा शिकंजा सोडल्याबरोबर रबर पूर्ववत गोल झाले, डोळ्यांना त्याची हालचालही दिसली नाही. पाण्यातला बाहेर काढून लगेच सोडला. शिकंज्याच्या दोन्ही जबड्यांचे चपटे ठसे रबरावर तसेच राहिले. माझी नात शेजारी उभी राहून मोठ्याने आकडे मोजत होती. ती दहावर पोहोचली तेव्हाही ठसा बोटाला स्पष्ट लागत होता.